गोष्टीखालची ओळ

‘तात्पर्य’ हा शब्द मराठी मुलांना पहिल्यांदा भेटतो तो गोष्टीच्या तळाशी. कावळ्याची, कोल्ह्याची किंवा लाकूडतोड्याची गोष्ट संपते, थोडी जागा सुटते आणि खाली एक ओळ येते. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. शब्द मात्र या ओळीपेक्षा खूप जुना आहे. ‘तत्पर’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लागलेला. तात्पर्य म्हणजे बोलणे ज्याच्याकडे लागलेले असते ते, बोलण्याचा रोख. तो शोधून काढण्याची एक पद्धतही या शब्दाला चिकटून आली होती. छापील गोष्टीने शब्द घेतला आणि पद्धत मागे ठेवली. मराठी शाळेतील गोष्टीचा इतिहास बराचसा या एका घटनेभोवती फिरतो.

ती पद्धत मीमांसा आणि वेदान्त यांच्या परंपरेतली. एखाद्या दीर्घ प्रकरणाचे म्हणणे नेमके काय, हे ठरवण्यासाठी तिने सहा खुणा सांगितल्या. पहिली खूण उपक्रम आणि उपसंहार यांची: प्रकरण कशाने सुरू होते आणि कशावर येऊन थांबते. दुसरी अभ्यास, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. शाळेतल्या ‘अभ्यास’ या शब्दाच्या पोटातही हीच पुनरावृत्ती आहे. तिसरी अपूर्वता, म्हणजे इतरत्र न कळणारे असे येथे काय सांगितले आहे. चौथी फल, म्हणजे शेवटी निष्पन्न काय झाले. पाचवी अर्थवाद, म्हणजे कशाची स्तुती केली आहे आणि कशाची निंदा. सहावी उपपत्ती, म्हणजे त्या म्हणण्याला प्रकरणातच दिलेला आधार. पंधराव्या शतकातल्या सदानंदाच्या ‘वेदान्तसार’ या छोट्या ग्रंथात या सहाही खुणा एका ठिकाणी मिळतात. ही चर्चा उपनिषदांच्या अर्थासाठी होती, मुलांच्या गोष्टींसाठी नव्हती. तरी सहाही खुणा प्रकरणाच्या आतच शोधायच्या असतात. अर्थ बाहेरून आणून चिकटवायचा नाही, हा दंडक त्यामागे आहे.

गोष्टीला हाच विचार लावल्याचे एक ठळक उदाहरण नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये सापडते. ‘ध्वन्यालोक’ लिहिणाऱ्या आनंदवर्धनाने संपूर्ण महाभारताचा मुख्य आशय कोणता, असा प्रश्न घेतला. युद्ध, राज्य, सूड यांनी भरलेल्या या ग्रंथाचा मुख्य रस शांत आहे आणि मुख्य पुरुषार्थ मोक्ष आहे, असे त्याचे उत्तर. आधार म्हणून त्याने शेवटाकडे बोट दाखवले: यादवांचा नाश आणि पांडवांची विरक्त करणारी अखेर. हे ग्रंथात कोठे सरळ सांगितलेले नाही, ते सूचित होते, हाही त्याचाच मुद्दा. कथेत काय घडते आणि कथा काय म्हणते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे इतक्या स्पष्टपणे मांडणारे विवेचन भारतीय परंपरेत थोडेच आहे.

मुलांसाठी असलेल्या गोष्टींचा मार्ग वेगळा होता. पंचतंत्राची चौकटच वर्गाची आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती, त्याचे अभ्यासाला कंटाळलेले तीन मुलगे आणि सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात तयार करण्याची हमी देणारा म्हातारा विष्णुशर्मा. या ग्रंथात अर्थ आधी येतो. एक पात्र श्लोक म्हणते. त्यात उपदेश असतो आणि गोष्टीचा नुसता उल्लेख असतो. ऐकणारा विचारतो, ते कसे? मग गोष्ट सुरू होते. ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात करटक हा कोल्हा आपला सोबती दमनक याला बजावतो की आपला संबंध नसलेल्या कामात हात घालणाऱ्याचा पाचर उपटणाऱ्या माकडासारखा नाश होतो. माकडाची गोष्ट त्यानंतर येते. गोष्टीतले रहस्य फुटलेले असते, पण ऐकणाऱ्याला त्याचे दुःख नसते, कारण त्याचे लक्ष पुढे काय झाले याऐवजी ते का झाले याकडे वळवलेले असते. पाचव्या तंत्राचे ‘अपरीक्षितकारक’ हे नावच त्याचे सूत्र आहे: न तपासता केलेले कृत्य. बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाला रक्ताने माखलेले तोंड पाहून मारून टाकणाऱ्या बाईची गोष्ट याच तंत्रात आहे.

मराठीत या मांडणीला पहिले नेटके रूप महानुभाव पंथाने दिले. श्रीचक्रधरांनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केशोबासांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग आहेत: आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांत, दृष्टांत म्हणजे गोष्ट आणि दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट सिद्धांताला कशी लागू पडते याचा उलगडा. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याचा दृष्टांत यातलाच. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा.  दृष्टांतातले काय कशाच्या जागी आहे हे सांगण्याचे काम तिसऱ्या भागाचे. आज वर्गात मुले उत्तर देतात तेव्हा नेमका हा तिसरा भाग गळतो. सूत्र सांगितले जाते, गोष्ट सांगितली जाते, पण दोन्ही एकमेकांना कोठे आणि कशी जोडली आहेत हे राहून जाते. सातशे वर्षांपूर्वीच्या या मराठी ग्रंथाने तो भाग अनिवार्य मानला होता.

त्याच परंपरेतल्या ‘लीळाचरित्रा’त काऊ-चिऊच्या घरांची गोष्टही डोकावते. शेणाचे घर, मेणाचे घर आणि पाऊस. घराघरांत आजी-आयांनी सांगितलेल्या या गोष्टीखाली कोणी ओळ लिहिली नाही. म्हणूनच तिचा अर्थ मोकळा राहिला. पक्के घर बांधणारी चिऊ शहाणी आणि कच्चे बांधणारा काऊ निष्काळजी, असे एका बाजूने म्हणता येते. भिजत दाराशी उभ्या असलेल्याला बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते अशी कारणे सांगत ताटकळत ठेवणारी चिऊ निष्ठुर आहे, असेही एखादे मूल म्हणते. दोघांनाही गोष्टीत आधार आहे. तोंडी परंपरेत प्रत्येक सांगणारा आपल्या आवाजाच्या चढउतारातून एक बाजू घेतो आणि तीच ऐकणाऱ्यापर्यंत पोचते.

अर्थ शोधण्याचा शाळेतला सराव मात्र प्रथम ग्रीकांच्या वर्गात दिसतो, आणि मराठी पाठ्यपुस्तकाशी त्याचा नातेसंबंध इसापमुळे जुळतो. इसापच्या कथांना काही संग्रहांत आधी आणि बऱ्याच संग्रहांत शेवटी एक वाक्य जोडलेले असे. आधीचे वाक्य वक्त्याला प्रसंगानुरूप गोष्ट चटकन सापडावी यासाठी असावे, असे अभ्यासक मानतात. ते एक प्रकारचे सूचीचे टिपण होते. पुढे भाषण शिकवणाऱ्या शाळांनी त्याचा धडा केला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला मानला जाणारा अलेक्झांड्रियाचा थिऑन आपल्या सराव-पुस्तकात सांगतो की एका गोष्टीतून अनेक निष्कर्ष निघू शकतात आणि एका निष्कर्षासाठी अनेक गोष्टी रचता येतात. मुलांनी दोन्ही बाजूंनी सराव करावा, अशी त्याची अपेक्षा होती. इसापी परंपरेतच याचा पुरावा आहे. कष्टाळू मुंगी आपल्या ओळखीची आहे, पण दुसऱ्या एका कथेत मुंगी पूर्वी शेतकरी असते, शेजाऱ्याच्या पिकावर डोळा ठेवते, चोरी करते आणि देवाच्या शापाने मुंगी होते. रूप पालटते, सवय जात नाही. पहिल्या कथेत धान्य साठवणे हा गुण आहे, दुसऱ्या कथेत तीच हाव आहे.

ही इसापकथा मराठी छापखान्यात फार लवकर आली आणि तीही महाराष्ट्राबाहेर. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना उभारला आणि तेथे १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापकथांचे मराठी भाषांतर छापले गेले. ते सखण पंडितांनी इंग्रजीवरून केले होते. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या छापखान्यातून वैजनाथशास्त्री यांनी तयार केलेला ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये मोडी अक्षरांत बाहेर पडला. मराठी गद्याची सुरुवातीची छापील पाने अशी तमिळ प्रदेशात आणि हुगळीकाठी तयार झाली, आणि ती बहुतांशी बोधकथांची होती.

मुंबईत हे काम १८२२ मध्ये स्थापन झालेल्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने हाती घेतले. तिचे एतद्देशीय सचिव सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांनी १८२८ मध्ये ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही दोन पुस्तके दिली. दोहोंत मोठा फरक आहे, आणि तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. इसापकथेत प्राणी बोलतात आणि अर्थ शेवटी वेगळा काढून दाखवला जातो. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच लेखक आर्नो बेर्कें यांच्या पुस्तकावरून, इंग्रजीच्या मार्गाने आले. त्यात हाडामांसाची मुले आहेत. ती हट्ट करतात, खोटे बोलतात, पस्तावतात. तेथे अर्थ घटनेतच मुरलेला असतो आणि आईबापांच्या तोंडून बाहेर येतो. शाळांनी उचलली ती पहिली पद्धत.

त्याची कारणे त्या काळच्या व्यवस्थेत आहेत. सरकारी शाळांत धर्म शिकवायचा नाही हे धोरण होते. नीती मात्र शिकवायची होती. कोणत्याही एका धर्माची नसलेली, प्राण्यांच्या तोंडची, चार ओळींत संपणारी आणि शेवटी उपदेश हाती देणारी गोष्ट या गरजेत अचूक बसली. शिक्षकांना प्रशिक्षण थोडे, वर्गात पाठांतर हीच मुख्य रीत आणि वर्षातून एकदा येणारा तपासणी अधिकारी मुलांना उभे करून विचारणार. विचारायला सोपे काय, तर तळाशी छापलेले तात्पर्य. ज्या गोष्टीचे उत्तर पुस्तकातच आहे तीच वर्गात विचारता येते, हा कल तेव्हा रुजला. मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या मराठी क्रमिक पुस्तकांनी मराठी गद्याला स्वच्छ वळण दिले. बोधाचा सूरही त्यांनी पक्का केला.

या सुराला हरकत घेणारे आवाज थोडे होते, पण ते महत्त्वाचे आहेत. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतली पुस्तके व्यवहारोपयोगी आणि प्रागतिक नसल्याने ती नव्याने तयार करावीत असे म्हटले. नीतीचे धडे त्यांना हवेच होते. शेती आणि आरोग्य यांच्या शेजारी त्यांनी ते मागितले. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तेव्हाच्या कथा-कादंबऱ्यांनी स्त्रियांचे जे चित्र रंगवले ते सरळ उलटतपासणीला घेतले. कथा आपल्याला काय पटवू पाहते आणि ते खरे आहे का, असे दोन वेगळे प्रश्न विचारणारी मराठीतली ही फार लवकरची वाचक. शालेय समीक्षेच्या इतिहासात ताराबाईंचे नाव घेतले जात नाही. ते घ्यायला हवे.

हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून स्फुट गोष्ट लिहिली जाऊ लागली आणि मराठी कथा बोधकथेपासून हळूहळू सुटी झाली. शाळेत तो बदल पोचायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. लंडनहून शिक्षणशास्त्र शिकून आलेल्या प्रल्हाद केशव अत्रे यांनी १९३० च्या दशकात ‘नवयुग वाचनमाला’ काढली. मुलांच्या बोलीतले, मुलांच्या जगातले धडे, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्यातली ‘दिनूचे बिल’ ही गोष्ट मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांना आठवते, आणि आशय कसा ओळखावा हे दाखवायला तिच्याइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

दिनूचे वडील डॉक्टर. ते रोग्यांना बिले पाठवतात, हे दिनू पाहतो. मग तोही आईला बिल देतो: घरातली कामे केली त्याचे अमुक, निरोप पोचवले त्याचे तमुक. आई पैसे देते आणि सोबत आपलेही एक बिल ठेवते. दिनूसाठी केलेल्या सगळ्याची नोंद त्यात असते आणि रकमेच्या जागी काही नसते. दिनूला रडू कोसळते, तो पैसे परत करतो.

या गोष्टीचा विषय कोणता, तर आई आणि मूल. पण विषय म्हणजे आशय नव्हे. आई आणि मुलाच्या शेकडो गोष्टी आहेत. ‘आईचे उपकार विसरू नयेत’ हे तात्पर्य बरोबर वाटते, पण तेही अनेक गोष्टींखाली लिहिता येईल. आता जुन्या सहा खुणा लावून पाहाव्यात. गोष्ट बिलाने सुरू होते आणि बिलावरच संपते. बिल हा शब्द आणि ती वस्तू तीनदा येते: वडिलांचे, दिनूचे, आईचे. नवी गोष्ट कोणती, तर रकमेवाचून लिहिलेले बिल. फळ काय, तर दिनूने पैसे परत करणे. निंदा कशाची, याचे उत्तर तर फार सुंदर आहे: कशाचीच नाही. वडील बिल करतात ते चूक नव्हे, आई रागावत नाही. या सगळ्यांतून जे वाक्य हाती येते ते असे: काही कामांचा हिशेब पैशांत होतो आणि काहींचा होऊच शकत नाही, हा फरक ओळखणे म्हणजे मोठे होणे. हे वाक्य याच गोष्टीखाली शोभते, दुसऱ्या कोणत्याही नाही. आशयसूत्राची कसोटी हीच. ते माणसाविषयी काहीतरी म्हणते, आणि ज्या गोष्टीतून निघाले तिच्या प्रत्येक महत्त्वाच्या घटनेला लागू पडते.

साने गुरुजींची वाट याहून निराळी. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलेली ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मांडणी रात्रींची आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो. न्हाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या लहानग्यासाठी आई पदर पसरते आणि मग पायांइतकेच मनालाही जपायला सांगते. अर्थ येथेही उघड आहे. पण तो पदर पसरून झाल्यावर येतो, आणि पदर पसरणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून येतो. तळाशी छापलेल्या ओळीला बोलणारे कोणी नसते. साने गुरुजींच्या पुस्तकातला उपदेश इतक्या वर्षांनंतरही मुलांना जाचत नाही, याचे कारण बहुधा हेच.

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ही शेवटची ओळही काढून टाकली. ‘माणदेशी माणसं’मधल्या ‘धर्मा रामोशी’त निवेदक म्हाताऱ्या धर्माला जुने धोतर देतो. नंतरही धर्मा फाटक्यातच दिसतो, आणि ते धोतर त्याच्या मुलीच्या अंगावर असते. यावर कोणी काही बोलत नाही. दारिद्र्य हा या लेखनाचा विषय झाला. पण एका धोतरात दोघांची लाज झाकता येत नाही आणि बाप ती कोणाची झाकायची ते ठरवतो, हे वाचणाऱ्याला स्वतः जुळवावे लागते. मुले हे जुळवू शकतात. ‘धर्माने धोतर का नेसले नाही?’ एवढा प्रश्न विचारून थांबले तर बहुतेकदा वर्ग पुढचे आपणच बोलतो.

इंग्रजी शिक्षणातही याच सुमारास असा बदल झाला. अमेरिकेत क्लिंथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३ मध्ये कथेच्या आकलनावर जे पाठ्यपुस्तक काढले त्यात कथानक, पात्र आणि थीम अशी विभागणी होती. कथेतून संदेश उपटून काढण्याच्या सवयीला त्यांचा विरोध होता. त्या विभागणीचा प्रभाव पुढे शाळांपर्यंत झिरपला. मराठीत थीमसाठी मध्यवर्ती कल्पना, आशयसूत्र, कथासूत्र असे शब्द रूढ झाले. तात्पर्य मागे राहिले ते बोधकथेपुरते. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर हा थोडा अन्याय आहे, कारण मूळ शब्दाची व्याप्ती या सगळ्यांपेक्षा मोठी होती.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाले आणि राज्यभर एकच पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागले. माडगूळकरांसारख्यांचे लेखन आणि नंतर दलित व ग्रामीण साहित्यही पाठ्यपुस्तकांत आले, तेव्हा पाठाखाली एक ओळ लिहिणे अशक्यच झाले. तात्पर्य मग स्वाध्यायात शिरले. दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहून तिला शीर्षक द्या, हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यातला शीर्षकाचा भाग मुले शेवटच्या मिनिटात उरकतात, पण खरी परीक्षा तेथेच असते. सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीच्या गोष्टीला दिलेले ‘लोभी माणूस’ हे शीर्षक पात्र सांगते, ‘सोन्याचे अंडे’ वस्तू सांगते, ‘अति तेथे माती’ आशय सांगते. मराठीतल्या म्हणी या अर्थाने तयार आशयसूत्रेच आहेत, आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ यासारख्या म्हणीत तर अख्खी इसापकथा तीन शब्दांत मुरली आहे. म्हण हाताशी असणे सोयीचे असते. धोका एवढाच, की हाताशी असलेली म्हण बसवण्यासाठी मुले गोष्ट कापतात. ससा-कासवाच्या गोष्टीला सावकाश चालण्याची प्रशंसा समजणे हा असाच प्रकार. त्या शर्यतीत कासव सावकाश आहे म्हणून जिंकत नाही; ससा झोपतो आणि कासव थांबत नाही म्हणून जिंकते.

अलीकडे भाषाविषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. आकलनाच्या कृतीनंतर स्वमत विचारले जाते: अमुक पात्राचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का ते सकारण लिहा. एका गोष्टीला दोन उत्तरे असू शकतात, हे थिऑनचे म्हणणे येथे मान्य झालेले आहे, आणि ‘सकारण’ या शब्दात उपपत्तीची सहावी खूण परत आली आहे. तपासणाऱ्याचे काम त्यामुळे वाढले. तळाशी ओळ होती तेव्हा उत्तर तिच्याशी ताडून पाहता येत असे. आता मुलाने दिलेले कारण गोष्टीत खरोखर आहे का, हे पाहायला गोष्ट पुन्हा वाचावी लागते.